चौदा मीटर, अकरा सेकंद

एकतीस वर्षं मी लोकांच्या शिव्या ऐकल्या आणि प्रत्येक शिवीनंतर "आपली तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद" असं म्हटलं. पाणीपुरवठा विभागाचा तक्रार कक्ष. खिडकी नसलेली खोली, सहा टेबलं, सहा फोन, आणि तिसऱ्या टेबलावर मी. पाणी आलं नाही, गढूळ आलं, नको तेव्हा आलं, शेजाऱ्यांकडे आलं आणि आमच्याकडे का नाही, असं पाण्याबद्दल माणसाला जे जे वाटू शकतं ते सगळं माझ्या कानांवरून गेलेलं आहे. निवृत्त होईपर्यंत मी एकदाही आवाज चढवला नाही. वन्संचं म्हणणं असं, की तो सगळा आवाज आत साठून राहिलाय आणि एक दिवस कोणाच्या तरी डोक्यावर पडणार आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी उतरलेली नाही. राहतात आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात, त्यामुळे आमच्या घरातला कुठलाही निर्णय त्यांच्याशिवाय झाला असं होत नाही.

नवरा घड्याळजी. लग्नापासून मी त्यांना घड्याळजीच म्हणते. कधी नुसतं "अहो" म्हटलं तर त्यांना वाटतं काहीतरी बिनसलंय. आमच्या इमारतीसमोर चौपदरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे, शाळेच्या फाटकाला लागून, त्यांचं दुकान. डावीकडच्या अर्ध्या भागात हे आणि त्यांची घड्याळं, उजवीकडच्या अर्ध्या भागात त्यांचे दोस्त चष्मेवाले. छत्तीस वर्षं रोज साडेनऊला हे रस्ता ओलांडून गेले आणि सातला परत आले. मग दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात वाचले, डोळे वाचले, बोलणं तर जरा जास्तच वाचलं. डावा पाय तेवढा मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, हात शाबूत आहेत म्हणजे काम सुरू करायला हरकत नाही. हरकत डॉक्टरांची नव्हतीच. हरकत रस्त्याची होती.

चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा तिथे अकरा सेकंद राहतो. हा अंदाज नाही. घड्याळजींनी खिडकीत बसून, स्टॉपवॉच हातात धरून, कित्येक महिने मोजलेला आकडा आहे. रस्ता चौदा मीटर. बरे झाल्यावर एकदा मी त्यांचा हात धरून निघाले. मधोमध पोहोचलो आणि दिवा गेला. एका बसवाल्याने हॉर्न असा दाबून धरला की ह्यांचा पाय जागच्या जागी थिजला. दोन अनोळखी माणसांनी आम्हांला काखेत धरून मागे आणलं. त्यानंतर "उद्या बघू" सुरू झालं आणि उद्या काही उगवला नाही. टॅक्सीने जायचं तर लांबच्या चौकातून वळसा, आणि समोर दिसणाऱ्या दुकानात टॅक्सीने जायला घड्याळजींना लाज वाटते. चष्मेवाले बंद पडलेली घड्याळं डब्यात भरून घरी आणून देतात, हे खिडकीशी बसून दुरुस्त करतात. काम होतं. पण संध्याकाळी पलीकडे शटर ओढल्याचा आवाज आला की हे डोळ्याचं भिंग काढून मान वर करतात, आणि तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मी फोन केले. चौदा वेळा केले. वाहतूक विभागाच्या तक्रार कक्षात माझ्यासारखीच कोणीतरी गोड आवाजाची बाई बसलेली आहे. चौदाही वेळा ती म्हणाली, "आपली तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद." हे ऐकून बाकीचे लोक फोन ठेवतात आणि वाट बघतात. मी कशाची वाट बघणार? त्या वाक्याचा अर्थ मला बरोबर माहीत होता.

चौदाव्या फोननंतर मी चहा टाकला आणि तो उतू गेला तरी गॅस बंद केला नाही. वन्सं दारातून बघत होत्या.

"फोन करून काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "नगरसेवकाच्या निवडणुकीला उभी राहा."

"मी?"

"मग काय मी? मला लोक घाबरतात. तुला सगळे बिचारी समजतात. निवडणुकीत ते बरं पडतं."

हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण घड्याळजी खिडकीतून म्हणाले, "अर्ज भरायची शेवटची तारीख पुढच्या मंगळवारी आहे," आणि मला कळलं की ह्या दोघा भावंडांचं आधीच काहीतरी शिजलेलं आहे.

अर्ज भरायला गेले. कारकुनाने विचारलं, "पक्ष?" म्हटलं, नाही. "आधी कधी लढलात?" म्हटलं, नणंदेशी. वन्संनी मागून कोपर मारलं.

पत्रक वन्संनी लिहिलं. मी त्यात वरच घातलं होतं: समोरच्या सिग्नलची वेळ वाढवणार. वन्संनी लाल पेनने काट मारली.

"स्वतःच्या नवऱ्यासाठी निवडणूक लढवते म्हणतील. तुझ्याच दारासमोरचा सिग्नल! आधी कोणी दुसऱ्याने बोलू दे, मग आपण उचलू."

मला पटलं, कारण आमच्या कक्षाचा पहिला नियम तोच होता. फोन घेणाऱ्याने स्वतःची तक्रार लिहायची नाही. पूर्वी एका टेबलावरच्या बाईंनी आपल्या चाळीची पाइपलाइन तीनदा बदलून घेतली होती, तेव्हापासूनचा नियम. घरी पाणी नसलं तरी आम्ही शेजारणीला फोन करायला लावायचो. म्हटलं ठीक आहे, दारोदार फिरू, कोणी ना कोणी सिग्नलचं काढेलच. त्याने सांगितलं की मी लिहीन.

पहिलं दार. वन्संनी जिन्यात माझ्याकडून घोकून घेतलं होतं: हसायचं, कोण ते सांगायचं, पत्रक द्यायचं, मत मागायचं. दार एका बनियनमधल्या गृहस्थांनी उघडलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. एकतीस वर्षांची सवय, आठी दिसली की माझं तोंड आपोआप चालू होतं.

"नमस्कार. काय तक्रार आहे?"

गृहस्थ गडबडले. मग म्हणाले, "जिन्याबाहेरचा दिवा. तीन महिने बंद आहे."

पिशवीतून वही काढली. कुठला दिवा, कधीपासून, आधी कोणाला सांगितलं, सगळं लिहिलं. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. चिठ्ठीवर "तक्रार क्रमांक १" असं लिहून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो." गृहस्थ इतके खूश झाले की दार लावायचं विसरले.

"मत मागितलंस?" वन्संनी खालच्या मजल्यावर विचारलं.

"राहिलं."

संध्याकाळपर्यंत सतरा तक्रारी झाल्या आणि मत एकालाही मागितलं नाही. वन्संनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर पेनने "मत" असं लिहिलं. पण वही धरली की तळहात खाली जातो, तो दिसणार कसा?

पुढचे तीन आठवडे असेच गेले. गटाराचं झाकण. बसथांब्याचं उडालेलं छप्पर. बागेतल्या झोक्याची तुटलेली साखळी. पहाटे पाचला येऊन दणदण डबे आपटणारी कचऱ्याची गाडी. तीस वर्षं रोज भेटल्यासारखे लोक बोलत सुटायचे. क्रमांक अडतीस होता "सून उलट बोलते," आणि सून शेजारी उभी राहून म्हणत होती, "लिहा, लिहा, माझीही लिहा." मी दोन्ही लिहिल्या. विभाग: लागू नाही. क्रमांक सत्तरचे गृहस्थ म्हणाले, तक्रार काहीच नाही, पण क्रमांक द्या, समोरच्यांना मिळालाय.

सिग्नलचं मात्र कोणी काढेना. प्रत्येक दाराशी मी कान टवकारून उभी असायचे. आता निघेल, आता निघेल. एकशे साठ तक्रारी झाल्या आणि तो दिवा कोणाला टोचलेलाच नव्हता. ज्यांचे पाय धड आहेत त्यांना अकरा सेकंद म्हणजे डोंगराएवढे, मध्ये थांबून चप्पल सावरता येते.

मग शेजारच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या आजी भेटल्या. दोन हातांत दोन काठ्या. शाळेचे गणवेश शिवायच्या पूर्वी, मला आठवत होतं. मी न राहवून नियम थोडा वाकवला.

"आजी, रस्ता ओलांडताना काही त्रास?"

"छे गं, मी तिकडे जातच नाही."

"कधीपासून?"

"झाली असतील तीन वर्षं. कापड खाली कोणी आणून दिलं तर शिवते, नाहीतर नाही."

"मग त्याची काही तक्रार?"

"कशाची?" आजींना माझीच कीव आली. "जातच नाही म्हटल्यावर तक्रार कसली!"

मी त्यांच्या नावापुढे रेघ ओढली आणि जिने उतरले. तळमजल्यावर आल्यावर मी वही रागाने पिशवीत कोंबली. घड्याळजीही असेच होणार, आणखी दोन वर्षांनी कोणी विचारलं तर "छे, मी तिकडे जातच नाही" म्हणणार, आणि तेही हसून.

ह्याच सुमारास विद्यमान नगरसेवक आमच्या घरी आले. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हसू कायमचं बसवून घेतल्यासारखं. खरं तर माझे प्रतिस्पर्धी, पण येताना माझ्याच वयाला शोभेलशी हाक घेऊन आले.

"काकू, हे काय चालवलंय तुम्ही? माझ्या कार्यालयात दिवसाला चाळीस फोन येतायत. 'क्रमांक सत्तेचाळीसचं काय झालं?' 'एकशे बाराचं कुठवर आलं?' माझ्या माणसाला वाटलं लॉटरी लागली की काय कोणाला!"

"उमेदवाराला काकू म्हणतो," वन्सं स्वयंपाकघरातून पुटपुटल्या, अगदी ऐकू जाईल अशा.

"लोकांना वाटतं तुम्ही महापालिकेतूनच आलात," नगरसेवक म्हणाले. "आता उत्तर मी काय देऊ? तक्रार काय होती तेच मला माहीत नाही." मग आवाज मऊ केला. "ती वही जरा बघायला मिळेल?"

वन्सं हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. घड्याळजींनी भिंग वर सरकवलं. आणि मी काय करावं? मी वही काढून दिली. वर म्हटलं, "झेरॉक्स काढून घ्या आणि पोच द्या, तारखेसकट."

नगरसेवकांनी पोच दिली आणि वही काखेत मारून असे गेले की पायऱ्याही दोन-दोन उतरले असतील.

"अगं, वेड लागलंय का तुला?" वन्संचा आवाज फाटायचा बाकी होता. "ती आपली सगळी मतं होती! उचलून त्याच्या हातात दिलीस!"

"ती मतं नव्हती, वन्सं. तक्रारी होत्या. ज्याच्याकडे जाऊन काम होणार त्याच्याकडे तक्रार पाठवायची असते. माझ्या वहीत बसून तो दिवा पेटणार आहे का?"

वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या हिशेबाने ही मोठी शिक्षा होती, मला तसं काही वाटलं नाही.

पण खरं सांगायचं तर पुढचे पंधरा दिवस मलाही गिळवत नव्हतं. नगरसेवकांनी वही हातात घेतली आणि धडाकाच लावला. दिवे पेटले. झाकणं बसली. झोक्याला नवी साखळी, बसथांब्याला छप्पर. एकशे एक्याण्णवपैकी एकशे तीस तक्रारी निकालात. आमचा वॉर्ड असा लखलखायला लागला की परक्या वॉर्डातले लोक बघायला यायचे. आणि मी दार वाजवलं की लोक म्हणायचे, "झालं हो आमचं काम! नगरसेवक स्वतः आले होते. भला माणूस!" बनियनवाल्या गृहस्थांनी तर मला पेढा दिल्यासारखा चेहरा करून सांगितलं की ह्या वेळी मत त्यांनाच. मी म्हटलं, "धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो."

वहीत नव्हता तो फक्त सिग्नल. त्यामुळे तो अकरा सेकंदच राहिला.

घरात तेव्हा वेगळंच चाललेलं. घड्याळजी चालायला लागले होते. आमची लांब खोली बरोबर सात मीटर. जायचं आणि यायचं, झाले चौदा. गळ्यात स्टॉपवॉच. पहिल्या दिवशी एकतीस सेकंद, मग अठ्ठावीस, मग पंचवीस. "भिंतीपाशी वळायला दोन सेकंद जातात," ते मला बजावत, "रस्त्यावर वळायचं नाही, म्हणून ते मी आधीच वजा केलेत." मी म्हटलं, कशासाठी हा आटापिटा?

"मतदान शाळेत आहे. पलीकडे. मी चालत जाणार."

"टॅक्सी करू."

"बायको पहिल्यांदा उभी आहे आणि मी टॅक्सीने जाऊ? दुकानासमोरून? चष्मेवाला बघत असणार!"

मतदानाच्या आदल्या दिवशी ते बावीसवर होते आणि आठवडाभर बावीसवरच होते. स्टॉपवॉच रुमालाने पुसत म्हणाले, "अकरा काही होणार नाहीत. पण बावीस सेकंद थांबणारा एखादा माणूस असेल की गाडीत." त्या एका वाक्याने माझा जीव टांगणीला लागला. चौकातल्या लोकांवर ह्यांचा असा विश्वास, आणि मला तो बसवाला अजून जसाच्या तसा आठवत होता.

मतदानाचा दिवस. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी, म्हणून वन्संनी टेप घेऊन अंतर मोजलं होतं, आणि केंद्र शाळेच्या मैदानाच्या पार टोकाला असल्याने आम्ही रस्त्याच्या अलीकडे, सिग्नलपाशीच, एकशे चार मीटरवर पत्रकं घेऊन उभ्या होतो. मी सकाळीच मत देऊन आले होते. स्वतःलाच दिलं, तेही जरा चोरट्यासारखं.

अकराच्या सुमारास घड्याळजी खाली आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला छोटा स्क्रू-ड्रायव्हर, म्हणजे मत देऊन पुढे दुकानात बसायचा बेत होता. वन्सं हात धरायला गेल्या.

"ताई, हात सोड," ते म्हणाले. "मदत घेतली तर वेळ धरत नाहीत."

दिवा हिरवा झाला. ते निघाले. उजवा पाय, मग डावा ओढत. मी मनात मोजत होते, तेही मोजत असणार. नऊ. दहा. अकरा. ते बरोबर मधल्या पांढऱ्या रेघेवर होते. दिवा गेला.

आधी एक हॉर्न वाजला, मग सगळे. अलीकडच्या गाड्या पुढे सरकल्या. घड्याळजींचा डावा पाय उचललेला होता तो तसाच राहिला, खाली येईना. मागच्या वेळीही असंच झालं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी केलं असं लोक सांगतात. मी सरकत्या गाड्यांसमोर घुसले, पत्रकांचा गठ्ठा फेकून दोन्ही हात वर केले आणि ओरडले.

"थांबा! सगळे थांबा! अजून अकरा सेकंद थांबलात तर मरणार नाही कोणी! माणूस चालतोय, दिसत नाही?"

एकतीस वर्षांचा आवाज होता तो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. माझ्या मागून वन्संची शिट्टी अशी कडाडली की एका ट्रकवाल्याने इंजिनच बंद केलं. हॉर्न थांबले. त्या शांततेत मी वळून बघितलं, तर घड्याळजींचा पाय खाली टेकला होता आणि ते पुन्हा चालत होते. उजवा, डावा.

पलीकडच्या रांगेत सगळ्यांत पुढे पांढरी गाडी. काच खाली झाली आणि तेच बसवलेलं हसू बाहेर आलं, ह्या वेळी जरा वाकडं.

"काकू! मतदानाच्या दिवशी असा प्रचार चालत नाही."

"हा प्रचार नाही. तक्रार आहे."

"कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला एकदम रडू आलं, पण मी बोलत राहिले. "चौदा मीटर रस्ता. अकरा सेकंद दिवा. दीड वर्ष. चौदा फोन केले. माझ्या नवऱ्याला त्याच्या दुकानात जायचंय. लिहून घ्या."

पंधरा दिवस त्या माणसाने दुसरं काही केलेलंच नव्हतं. हात आपोआप खिशाकडे गेला, पेन निघालं, आणि स्वतःच्याच पत्रकाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं.

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

मागे गाड्यांची ही रांग, आणि नगरसेवकांनी भर रस्त्यात वाचून दाखवलं. मीटर, सेकंद, वर्षं, फोन, सगळं. फक्त नवऱ्याच्या जागी त्यांनी "काका" लिहिलं होतं.

"पंचवीस!" पलीकडच्या फुटपाथवरून घड्याळजी स्टॉपवॉच उंच धरून ओरडले. "तीन सेकंद तुमच्यामुळे गेले! भांडण बघत उभा राहिलो!" चष्मेवाले दुकानातून धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडले होते.

त्या दिवशी दुपारपासून फोन सुरू झाले. पहिला शिवणकामवाल्या आजींचा. त्यांनी चौथ्या मजल्यावरून सगळं बघितलं होतं.

"ती सिग्नलची काय ती तक्रार," त्या म्हणाल्या, "माझीही लिही. मला शाळेत जायचंय. कापड स्वतः बघून घेतलं पाहिजे, ते काहीही पाठवतात."

संध्याकाळपर्यंत बावीस नावं झाली. एका गृहस्थांना पलीकडचा न्हावी हवा होता, एक बाई दोन वर्षं बहिणीकडे गेल्या नव्हत्या, आणि ती बहीण समोरच्या इमारतीत राहते. एवढी माणसं आमच्या बाजूच्या घरांत गपचूप बसलेली होती आणि मी त्यांच्याच दारांत झोक्याच्या साखळ्या लिहीत होते. यादी मी नगरसेवकांकडे पोचती केली, पोच घेऊन.

निवडणूक मी हरले. सहाशे अकरा मतांनी. लोक सांत्वन करतात की एकदाही मत न मागता चौदाशे अठ्ठ्याऐंशी मतं मिळाली, ही काय कमी गोष्ट आहे? कमीच आहे. मला जिंकायचं होतं. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून मी भरपूर रडले. बाहेर वन्सं दाराला टेकून उभ्या होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "वही दिलीस ना त्याला, वही," पण त्यांच्याही आवाजात पाणी होतं. पाच वर्षांनी पुन्हा उभी राहणार आहे. तोवर तळहातावर गोंदवूनच घ्यायचं वन्संच्या मनात आहे.

निकालानंतर बाराव्या दिवशी सकाळी दोन कामगार शिडी घेऊन सिग्नलपाशी आले. पेटी उघडली, काहीतरी केलं, पेटी लावली, गेले. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांसाठी दीड वर्ष.

घड्याळजींनी खिडकीतून चार वेळा मोजलं. "सव्वीस," ते म्हणाले, आणि शर्ट बदलायला आत गेले.

साडेनऊला मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. पुढे येऊ नकोस म्हणाले, म्हणून फुटपाथवरच थांबले. दिवा हिरवा झाला. उजवा, डावा, उजवा, डावा. आठ, नऊ, दहा, अकरा. मधल्या पांढऱ्या रेघेवर पोहोचले आणि थांबले.

पाय पुन्हा थिजला असं वाटलं. पण नाही. त्यांनी आधी मनगटावर बघितलं. बावीस लागतात, सव्वीस आहेत, चार उरतात. मग भर रस्त्यात, चौपदरी वाहतूक दोन्ही बाजूंना तटवून, ते सावकाश माझ्याकडे वळले आणि त्यांनी ते चारही सेकंद मला हात हलवण्यात घालवले.

"अहो, चला की पुढे!" मी आयुष्यात दुसऱ्यांदा ओरडले.